‘किडलेला दात नैसर्गिकरीत्या भरून येतो’: एका दंतमंजनाचा चार महिन्यांचा अनुभव

काचेच्या बरणीत शंभर ग्रॅम पावडर, किंमत ४९९ रुपये, आणि वेष्टनावर ‘किडलेले दात नैसर्गिकरीत्या भरून आणते, ड्रिल नाही, सिमेंट नाही, रूट कॅनॉल नाही’ अशी ठसठशीत अक्षरांतली हमी: अशा एका दंतमंजनाचे हे परीक्षण आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच मजकुराच्या आणि जवळजवळ याच रंगाच्या बरण्या निरनिराळ्या नावांनी विकल्या जाताना मी पाहिल्या आहेत, आणि माझा आक्षेप एखाद्या विक्रेत्यावर नसून त्या हमीवर आहे.

मी कराडला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वय सत्तेचाळीस. हे दंतमंजन मला माझ्या नणंदेने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवले, आणि ते ज्या आठवड्यात आले तो आठवडा विक्रेत्याच्या दृष्टीने फारच सोयीचा होता, कारण त्याआधी दहाच दिवस आमच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात दोन जागा दाखवून दिल्या होत्या. पहिली जागा वरच्या डाव्या सुळ्यावर हिरडीला लागून होती आणि दुसरी खालच्या उजव्या दाढेच्या खाचेत. दाढेत लहानसा खड्डा पडला होता. सुळ्यावर मात्र मला आरशात काहीही दिसत नव्हते. डॉक्टरांनी त्या दातावर हवेचा झोत सोडला, दात कोरडा झाला, आणि मग हातातल्या आरशात हिरडीच्या काठाने तांदळाच्या कणीएवढी, खडूने ओढावी तशी निस्तेज पांढरी रेघ उमटली. त्यांनी चूळ भरायला सांगितली आणि ती रेघ पुन्हा नाहीशी झाली.

हे असे का होते ते मला घरी आल्यावर उमगले. तेल लागलेला कागद अर्धपारदर्शक होतो, तोच हा प्रकार आहे. दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून गेले की आत सूक्ष्म छिद्रे उरतात. ती पाण्याने भरलेली असताना प्रकाश फारसा विखुरत नाही, परंतु त्यांत हवा शिरली की तो विखुरतो आणि जागा पांढरी दिसू लागते. तो पांढरेपणा ही कीड लागल्याची डोळ्यांना दिसणारी पहिली खूण असते. डॉक्टरांचे त्या दिवशीचे वाक्य मी जसेच्या तसे देते, कारण पुढचे सगळे त्याच वाक्याभोवती फिरते: “मॅडम, सुळ्यावरचं आपण परत आणू शकतो, दाढेचं नाही. दाढ भरून घ्या.”

मी सुळ्याचे ऐकले आणि दाढेचे पुढे ढकलले. ही चूक सर्वस्वी माझी आहे, तिचे खापर मी बरणीवर फोडणार नाही. पण माणूस असे का करतो हेही सांगायला हवे. ड्रिलचा आवाज, जबड्यातली सुई, नंतर दोन तास सुन्न पडलेला गाल, आणि तेवढ्यात कोणीतरी आपुलकीने पाठवलेली अशी एक जाहिरात, जिच्यात किडलेल्या काळ्या दाढेचा एक फोटो आणि त्याच्या शेजारी तीच दाढ स्वच्छ झाल्याचा दुसरा फोटो. रसायनशास्त्राची पदवी असे प्रसंग टाळण्यास पुरेशी नसते, हे मी अनुभवाने सांगते.

बरणी उघडली की पहिल्यांदा लवंगेचा वास येतो, आणि तो खरोखर चांगला आहे. पावडर विटकरी रंगाची, बोटांत घेतली तर मऊ लागते, पण दातांत धरली की किंचित कचकचते. घटकांच्या यादीत बाभळीची साल, लवंग, हळद, सैंधव, गेरू, ‘शुद्ध नैसर्गिक कॅल्शियम’ आणि ‘खनिज मृत्तिका’ अशी नावे आहेत. खाली हिरव्या गोलात ‘फ्लोराइडमुक्त’ असे लिहिलेले आहे. वापरायची रीत अशी की, सकाळी आणि रात्री ओल्या ब्रशवर चिमूटभर पावडर घेऊन तीन मिनिटे घासायचे आणि दुसरी कोणतीही टूथपेस्ट वापरायची नाही. ही शेवटची अट मी तंतोतंत पाळली, आणि तीच महागात पडली.

चव तुरट आणि खारट आहे. घासून झाल्यावर दातांवरून जीभ फिरवली की ते काचेसारखे गुळगुळीत लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूचे चहाचे डाग स्पष्टपणे फिके झाले. दाढेच्या खाचेतला तपकिरी रंगही उतरला. मी बॅटरीच्या उजेडात मोबाइलने फोटो काढत होते, आणि पहिल्या दिवसाचा फोटो तीन आठवड्यांनंतरच्या फोटोशेजारी ठेवला तेव्हा तो थेट जाहिरातीतल्या फोटोंसारखाच दिसला. क्षणभर मलाही वाटले की दाढ खरोखरच भरून येत आहे. जिभेचे टोक मात्र वेगळे सांगत होते, कारण ते त्या खड्ड्यात पूर्वीइतकेच अडकत होते.

तेव्हा कुठे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. एका वाटीत चमचाभर पावडर घेऊन मी तिच्यावर लिंबू पिळले. पावडर फसफसून वर आली. म्हणजे यादीतले ‘शुद्ध नैसर्गिक कॅल्शियम’ हे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात खडू. खडू असण्यात गैर काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी साध्या टूथपेस्टमध्ये तो घासण्यासाठी घातलेला असतो आणि तोंडातले थोडेफार आम्ल तो शमवतोही. परंतु तोंडातल्या साध्या लाळेत खडू जवळजवळ विरघळत नाही, आणि जो पदार्थ विरघळत नाही त्याच्यातले कॅल्शियम तीन मिनिटांत दाताच्या आत कसे शिरणार, हा प्रश्न बरणीवर कोठेही विचारलेला नाही.

फसफस थांबल्यावर वाटीच्या तळाशी विटकरी गाळ उरला. तो धुऊन, वाळवून मी प्रयोगशाळेतल्या दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवला आणि वीस-पंचवीस वेळा घासला. पट्टी उजेडात तिरपी धरली तेव्हा तिच्यावर बारीक ओरखडे दिसत होते. काठिण्याच्या मोहस मापावर खडू ३ च्या आसपास, इनॅमल ५ च्या आसपास आणि काच साधारण साडेपाचवर येते. जो कण काचेवर ओरखडा उठवतो तो इनॅमलला सोडेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. ‘खनिज मृत्तिका’ या शब्दामागे बारीक वाळूसारखे काहीतरी असावे, असा माझा अंदाज आहे. दाढेतला रंग कोठे गेला हेही त्याच वेळी कळले. तो भरून आला नव्हता, खरवडून निघाला होता.

मग दात खरोखरच स्वतःहून बरा होत नाही का? होतो, आणि या उत्पादनाबद्दलची माझी मुख्य तक्रार इथेच आहे. त्याची जाहिरात एका खऱ्या गोष्टीचा आधार घेते आणि ती खरी गोष्ट जिथे संपते तिथून पुढे खुशाल चालू लागते.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, आणि ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअॅपटाइट, कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक. हे आवरण ज्या पेशी तयार करतात त्या दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. हाड मोडले तर ते सांधणाऱ्या पेशी तिथे हजर असतात, त्वचा कापली तर ती भरून येते, पण इनॅमलमध्ये काम करायला कोणी उरलेलेच नसते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कारण त्यांच्या मुळाशी तशा पेशी टिकून असतात. पडलेला दुधाचा दात कौलावर फेकून उंदराकडे त्याचा दात मागायची आपल्याकडची रीत प्राणिशास्त्राच्या दृष्टीने अगदीच निराधार नाही. फक्त उंदीर मागणी मान्य करत नाही, एवढेच.

पेशी नसल्या तरी रसायन मात्र दोन्ही दिशांनी चालते. आपण साखर किंवा पीठ खाल्ले की दातांवरच्या थरातले जंतू ते आंबवून आम्ल तयार करतात. त्या थराचा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की हायड्रॉक्सीअॅपटाइट विरघळू लागते आणि कॅल्शियम व फॉस्फेट दाताबाहेर पडतात. खाणे थांबल्यावर लाळ ते आम्ल धुऊन टाकते, शमवते, आणि अर्ध्या-एक तासात सामू पूर्ववत होतो. लाळेत मुळातच कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असल्यामुळे ते आता उलट दिशेने दातात परत जाऊ लागतात. ही देवघेव आपल्या तोंडात दिवसातून अनेकदा होते. जमाखर्च बरोबरीत राहिला तर काही बिघडत नाही. खर्च सतत जास्त झाला तर सुळ्यावर माझ्यासारखी पांढरी रेघ उमटते, आणि तरीही तो थांबला नाही तर एके दिवशी वरचा पातळ पापुद्रा आत कोसळून खड्डा पडतो.

पापुद्रा शाबूत असेपर्यंत आतला सांगाडा जागेवर असतो आणि परत येणाऱ्या खनिजाला बसायला ठिकाण असते. खड्डा पडला की सांगाडाच गेलेला असतो, आणि शिवाय त्या खड्ड्यात ब्रशचा केस पोहोचत नाही, लाळ नीट खेळत नाही, जंतूंची मात्र उत्तम सोय होते. ‘सुळ्याचं परत आणू शकतो, दाढेचं नाही’ या वाक्याचा अर्थ एवढाच होता. दंतमंजनाच्या जाहिरातीत या दोन अवस्थांना एकच शब्द वापरला आहे, ‘कीड’. सुळ्यावरच्या रेघेबद्दल जे खरे आहे ते दाढेच्या खड्ड्याच्या फोटोखाली छापले की हमी तयार होते.

आपल्या भाषेतला हा ‘कीड’ शब्दही जरा घोटाळ्याचाच आहे. लाकडाला लागते तशी दाताला कीड लागली म्हटले की ती बाहेर काढता येईल असे वाटते. माझ्या लहानपणी आजीकडे गावात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड काढणारी एक बाई येत असे. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नरसाळ्यातून धूर तोंडात घ्यायचा आणि खाली पाण्याने भरलेल्या परातीत पांढऱ्या अळ्यांसारखे काहीतरी पडलेले दाखवायचे. ते तडकलेल्या बियांचेच तुकडे असत. आजीची दाढ त्या धुरीने काही काळ ठणकायची थांबे आणि पुन्हा ठणकू लागे. शेवटी ती काढावी लागली. काचेच्या बरणीतल्या आणि परातीतल्या पुराव्यात मला फारसा फरक दिसत नाही.

फ्लोराइडबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण ‘फ्लोराइडमुक्त’ हा शब्द या उत्पादनाचा मोठा विक्रीमुद्दा आहे आणि माझ्या सुळ्याचे जे झाले ते त्याच शब्दामुळे झाले. दातात खनिज परत जात असताना जवळपास थोडे फ्लोराइड असेल तर ते काम वेगाने होते आणि जो नवा स्फटिक तयार होतो तो आधीच्यापेक्षा चिवट असतो. सामू साडेपाचऐवजी साडेचारच्या आसपास उतरेपर्यंत तो टिकून राहतो. या एका कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. आपल्याकडच्या नियमानुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १००० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरे वाचली की तो आकडा सापडतो.

फ्लोराइडची भीती हवेतून आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथे लहानपणापासून ते पाणी प्यालेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी पट्टे व ठिपके दिसतात. प्रमाण फारच वाढले तर हाडांवरही परिणाम होतो. मात्र तो त्रास वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या फ्लोराइडचा आहे. वाटाण्याएवढी पेस्ट ब्रशवर घेऊन थुंकून टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. लहान मुलांना पेस्ट गिळण्याची सवय असते, म्हणून त्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी, आणि ज्या गावच्या पाण्याबद्दल शंका आहे तिथे डॉक्टरांना विचारावे, हे योग्यच आहे. कराडच्या नळाचे पाणी पिणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने चार महिने फ्लोराइड सोडावे, याला मात्र काही कारण नव्हते.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दाढ शिवशिवू लागली. आधी माठातल्या पाण्याने, मग चिंचेच्या सारानेही. चिंचेने दात आंबतात हे आपण सगळे जाणतो, पण हे आंबणे सगळ्या दातांत पसरलेले नव्हते, एकाच दाढेत सुईसारखे टोचत होते. मी विक्रेत्याच्या ग्राहक सेवेला निरोप पाठवला. चोवीस तासांच्या आत अतिशय नम्र उत्तर आले की, ‘दात भरून येत असताना सुरुवातीला अशी संवेदना होते, कृपया आणखी दोन बरण्यांचा कोर्स पूर्ण करावा’, आणि सोबत दहा टक्के सवलतीचा कोड होता. त्याच उत्तरात एक परिच्छेद असाही होता की, जपानमध्ये दात पुन्हा उगवू लागले आहेत आणि लंडनमध्ये दात स्वतःहून भरून येतात हे सिद्ध झाले आहे.

या दोन्ही गोष्टींचा माग मी काढला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांच्या दाढांना छिद्रे पाडून त्यांत टायडग्लुसिब नावाच्या औषधात भिजवलेला कोलॅजेनचा स्पंज बसवला होता. त्यामुळे आतल्या पेशींना चालना मिळून त्यांनी ते छिद्र डेंटिनने, म्हणजे इनॅमलखालच्या थराने, भरून काढले. जपानमधले काम क्योटोचे आहे. दातांची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारे हे औषध असून जन्मतःच ज्यांना काही दात येत नाहीत अशा रुग्णांसाठी ते मुख्यतः तयार केले जात आहे. त्याच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या २०२४ मध्ये सुरू झाल्या. ही दोन्ही संशोधने कौतुकास्पद आहेत. त्यांतल्या एकातही बाभळीची साल नाही.

चौथ्या महिन्यात मी पुन्हा त्या खुर्चीत बसले. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त एक्स-रे काढला आणि तो आधीच्या एक्स-रेशेजारी लावला. खड्ड्याची काळी सावली खाली सरकली होती. दाढेत नसेची जी पोकळी असते तिच्या अगदी जवळ ती पोहोचली होती. पण डॉक्टरांनी बोट ठेवले ते वेगळ्याच जागी. सावलीच्या दिशेला असलेला पोकळीचा कोपरा पहिल्या फोटोत टोकदार होता, तो आता बोथट आणि आत सरकलेला दिसत होता. “हे बघा, तुमची दाढ मागे हटत हटत भिंत बांधतेय,” त्या म्हणाल्या.

इतके पैसे आणि चार महिने घालवून मला निसर्गाची किमया पाहायला मिळाली ती इथे. इनॅमलच्या पेशी मरून जातात, डेंटिनच्या मरत नाहीत. त्या नसेच्या पोकळीच्या कडेने आयुष्यभर ओळीने उभ्या असतात, आणि वरून आम्ल व जंतू जवळ येत आहेत असे जाणवले की आतल्या बाजूने डेंटिनचा नवा थर रचू लागतात. हा थर दिवसाला मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबाने वाढतो. कीड हळूहळू आली तर भिंत तिच्या पुढे राहते, झपाट्याने आली तर कीड भिंत गाठते आणि मग रूट कॅनॉलवाचून गत्यंतर राहत नाही. दात स्वतःला सावरतो तो असा. बाहेरचा खड्डा त्याने बुजत नाही, फक्त आतली नस वाचवण्याची धडपड होते, आणि त्या धडपडीला वेळ मिळवून द्यायचा असेल तर वरचा दरवाजा बंद करावा लागतो. तो बंद करणे म्हणजेच आपण ज्याला ‘सिमेंट भरणे’ म्हणतो ते. बरणीवर ज्या गोष्टी नकोत म्हणून मोठ्या अक्षरांत छापल्या आहेत, त्यांतलीच एक दाताच्या नैसर्गिक दुरुस्तीला सर्वांत जास्त मदत करते.

डॉक्टरांनी कडेचा कुजलेला भाग पूर्ण काढला, पण नसेच्या अगदी वर असलेला मऊ थर मुद्दाम राहू दिला, कारण तो खरवडला असता तर नस उघडी पडली असती. त्यावर औषधाचा लेप, आणि वर घट्ट बसणारे फिलिंग. आत राहिलेल्या जंतूंना बाहेरून काही खायला मिळत नाही, त्यामुळे त्यांचा जोर ओसरतो आणि भिंत बांधणाऱ्या पेशींना उसंत मिळते. पहिल्या भेटीत ज्या कामाचे १,२०० रुपये झाले असते त्याचे आता २,८०० झाले. त्यात दोन बरण्यांचे ९९८ मिळवले तर हिशेब पूर्ण होतो. या सेवेबद्दल माझी एकच तक्रार आहे. पहिल्याच दिवशी दोन्ही एक्स-रेंसारखे काही समोर ठेवून ‘परत आणू शकतो’ आणि ‘परत आणू शकत नाही’ यांतला फरक पाच मिनिटे समजावून सांगितला असता, तर मी बहुधा ती बरणी मागवली नसती. बाहेर बारा रुग्ण बसलेले असताना पाच मिनिटे म्हणजे काय, हेही मला दिसत होते.

सुळ्यावरची पांढरी रेघ चार महिन्यांत थोडी रुंदावली होती. त्यावर डॉक्टरांनी फ्लोराइडचे वार्निश लावले. पिवळसर, चिकट, राळेसारखा वास असलेला हा पातळ लेप दिवसभर दातावर राहू द्यायचा असतो, आणि त्या दिवशी कडक काही खायचे नसते. त्याखेरीज दिवसातून दोनदा फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, घासून झाल्यावर फेस थुंकायचा पण खळखळून चूळ भरायची नाही, आणि चहा दिवसातून पाच वेळांऐवजी दोन वेळा, तोही बिस्किटांशिवाय. मला सर्वांत कठीण गेले ते चहाचे. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे, कारण प्रत्येक घोटासरशी ती अर्ध्या-एक तासाची आम्लाची फेरी नव्याने सुरू होते. हे स्वीडनमधील व्हिपेहोम रुग्णालयात १९४०च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खायला देऊन तपासले गेले. त्या बिचाऱ्यांचे दात अक्षरशः पोखरले गेले, आणि आज असा प्रयोग करण्याची परवानगी कोणीही देणार नाही. स्टाफरूममध्ये तासातासाला येणारा गोड चहा हा त्याच प्रयोगाचा सौम्य अवतार आहे.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा हवेचा झोत सोडला. रेघ दिसली, पण तिचा खडूसारखा खरखरीतपणा गेला होता. ती गुळगुळीत आणि चकचकीत झाली होती. ती पूर्णपणे जाईलच असे नाही, एखाद्या जुन्या व्रणासारखी तिथेच राहील, पण ती आता वाढत नाही, असे त्यांनी सांगितले. बाहेरून बरा झालेला दात असा दिसतो. त्याचा आधीचा-नंतरचा फोटो काढला तर कोणीही पैसे मोजणार नाही.

या बरणीच्या जागी दुसरे काही घ्यावे का, असे मला नणंदेने विचारले. फ्लोराइड नकोच असेल, तर हायड्रॉक्सीअॅपटाइटचे अतिसूक्ष्म कण असलेल्या पेस्ट जपानमध्ये १९८० पासून वापरात आहेत आणि आता आपल्याकडेही काही मिळतात. दुधातल्या केसीनपासून केलेली, मेलबर्न विद्यापीठात विकसित झालेली एक क्रीमही दंतवैद्य देतात, मात्र दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्यांनी ती घेऊ नये. या दोन्हींमागे निदान विचार करण्याजोगे रसायन आहे. किमती मात्र चढ्या आहेत, आणि दोन्हींचे काम पांढऱ्या रेघेपर्यंतच चालते. दाढेतला खड्डा त्या दोन्हींनाही भरता येत नाही. ज्यांच्या घरात अजून मशेरी लावली जाते त्यांनी आधी ती सोडावी. बाजारातल्या टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालण्यावर १९९२ मध्येच बंदी आली, पण तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. माझ्या सासूबाईंची मशेरी मी अजून सोडवू शकलेले नाही.

पाचपैकी एक तारा मी लवंगेच्या वासासाठी देते. बरणीचे झाकण घट्ट बसते, पुरवठा वेळेवर झाला आणि ग्राहक सेवेची भाषा सभ्य होती, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पैसे परत मागितले तेव्हा ‘उघडलेली बरणी परत घेतली जात नाही’ असे उत्तर आले. दुसऱ्या बरणीत निम्मी पावडर अजून शिल्लक आहे. मागच्या आठवड्यात तिने देव्हाऱ्यातली पितळेची समई घासली, ती लख्ख निघाली. चांदीच्या निरांजनाला मात्र मी ती लावणार नाही.